भिकन रडायचा थांबला

आमच्या घरात भिकन लघवीला निघाला की घट्या थांबायचा. आमच्याकडे जात्याला घट्या म्हणतात. मोठमाय, म्हणजे आबांच्या थोरल्या भावाची विधवा बायको, सकाळी दादरचं, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीचं, पीठ दळायला बसलेली असायची आणि माझा पाच वर्षांचा भाऊ गोठ्याकडे जाताना दिसला की तिचा हात आपोआप खुंट्यावरच राहायचा. भिकन गोठ्याच्या मेढीला एका हाताने धरायचा, टाचा उचलून चवड्यांवर उभा राहायचा, दुसऱ्या हाताने स्वतःला ओढत राहायचा. थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही. मग एक बारीक किंकाळी, मग थेंब, मग पुन्हा किंकाळी. आबा दावणीशी वाकलेले असले तर तसेच वाकलेले राहायचे. माय चुलीपुढे तव्यावरची भाकरी उलटायची विसरायची आणि भाकरीच्या करपल्या वासावरून मला कळायचं की मायही ऐकत आहे. झाल्यावर तो घामाघूम होऊन मेढीशीच बसायचा. मग घट्या पुन्हा सुरू व्हायचा. कोणी कोणाकडे बघायचं नाही.

त्याच्याआधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले होते, म्हणून याचं नाव भिकन, भीक मागून आणलेला. आमच्या भागात असे भिकन प्रत्येक गावात सापडतील. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. मला घरात सोनी म्हणत, तो एकटा आक्का म्हणायचा. त्याला मीच कडेवर वागवलेलं, मीच जेवू घातलेलं. दादरची भाकरी दुधात कुस्करून दिली तरच खायचा आणि भाकरीचा पापुद्रा वेगळा काढून ठेवून शेवटी खायचा. ही त्याची सवय मला आजही भाकरी मोडताना आठवते. नातसुना म्हणतात, आजी जेवताना मध्येच थांबते. वयामुळे होत असेल, असं त्यांना वाटतं.

या लघवीच्या दुखण्यावर जे करायचं ते सगळं करून झालं होतं. कुळथाचं पाणी, गोखरूचा काढा, कानबाईला नवस. पुढे पुढे तो पाणीच पिईना. पाणी प्यायलं की ते बाहेर पडावं लागतं, हे त्याला त्याच्या बुद्धीनं उमगलं होतं. मिरची खुडायच्या दिवसांत सगळं अंगण लाल झालेलं, हवेत तिखटाचा खाट उठलेला, येणारा जाणारा शिंकतोय, आणि हा ओठ फुटलेला पोरगा तांब्याकडे पाठ करून बसलेला. त्याच सुमारास गावात देवी काढणारा सरकारी माणूस आला. त्यानं पोटाला हात लावून सांगितलं की मुतखडा आहे, काढ्यानं जायचा नाही, तालुक्याच्या दवाखान्यात न्या, तिथला डॉक्टर कापून काढतो. कापून हा शब्द ऐकल्यावर मोठमायनं पदर तोंडाला लावला.  तिसऱ्या दिवशी आबांनी गाडीचं जू बघायला सुरुवात केली.

माय तेव्हा बाळंतीण होती. आठ दिवसांची मुलगी तिच्या पुढ्यात. तिला खोलीचा उंबरा ओलांडता येत नव्हता. मोठमायला घर सोडता येत नव्हतं. म्हणून आबांबरोबर मी निघाले. मायनं मला खाटेजवळ बोलावलं. "सोने, त्यानाजोडे बशी ऱ्हाय. भित्रा शे मन्हा भिकन," एवढंच म्हणाली आणि बाळाला अंगावर घेतलं. तिला रडायचं होतं, पण बाळंतिणीनं रडलं तर दूध आटतं असं घरात सगळ्या म्हणत.

आमचं गाव तापीच्या अलीकडे, दवाखाना पलीकडे. पूल नव्हता. नदीपर्यंत आमची गाडी, मग नाव, पलीकडे आबांच्या ओळखीच्या एका माणसाची गाडी. नावेत भिकन खुशीत होता. पाण्यात हात घालून म्हणाला, "आक्का, मासा चावना!" चावला वगैरे काही नव्हता. त्या सबंध प्रवासात तो एकदाच रडला.

दवाखाना म्हणजे एक लांब कौलारू इमारत, पुढे ओटा, ओट्यासमोर चिंच. डॉक्टर देशावरचे होते, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचे. चांगला माणूस, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कोणाला उलट वाटेल. त्यांनी भिकनला टेबलावर घेतलं त्याआधी त्याच्या गालाला हात लावून नाव विचारलं. मग दार बंद झालं. क्लोरोफॉर्मचा गोडसर वास दाराखालून ओट्यापर्यंत आला. आबा चिंचेखाली उकिडवे बसले आणि वाळल्या चिंचोक्यांची उगाच रांग लावत राहिले. बऱ्याच वेळानं कंपाउंडरनं इनॅमलच्या वाटीत खडा आणून दाखवला. सुपारीएवढा, पिवळट, खरबरीत. आबांनी तो खडा हातात घेतला आणि त्या धिप्पाड माणसाला रडू कोसळलं. आम्हाला वाटलं, संपलं. दुखणं त्या वाटीत आलेलं होतं.

खरं दुखणं संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आलं. जखम अवघड जागी, मांड्यांच्या मधोमध. गुडघे एकमेकांना पट्टीनं बांधून ठेवलेले, जखम उलू नये म्हणून. लघवी त्या जखमेतूनच झिरपायची, दहाबारा दिवस असंच चालणार असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. प्रत्येक वेळी ती ताज्या कापलेल्या मांसावरून जायची. "आक्का, आग व्हस वं. आग व्हस," एवढंच तो म्हणत राहायचा. घरी लघवी होऊन गेली की थोडा वेळ तरी सुटका असायची. इथे थेंब थेंब चालूच. मी खाली अंथरलेली फडकी काढायची, ओट्यामागे धुवायची, उन्हात टाकायची, तोवर दुसरी ओली व्हायची. त्याला पाणी पाजायचं माझं काम होतं आणि तो दात घट्ट मिटून घ्यायचा.

आबांनी दुसऱ्या दिवशी हात जोडून विचारलं, "डॉक्टरसाहेब, जरासी अफू द्या ना. पोऱ्या तळमळी ऱ्हायना. आमना घर तान्हा लेकरेसले देतस."

"म्हणूनच तुमच्याकडची मुलं झोपेत जातात, पाटील," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या दिवशी दिली तेवढी पुरे. आता दिली तर श्वास मंदावेल. आणि लहान मुलांना आपल्यासारखं दुखत नाही. ती घाबरून रडतात. चार दिवसांत विसरेल सगळं."

आबांना बरं वाटलं. मलाही बरं वाटलं. एवढा शिकलेला माणूस सांगतो की दुखत नाही, घाबरलाय, म्हणजे आपण त्याची भीती घालवली की झालं. मी त्याला मांजरीच्या पिल्लांच्या गोष्टी सांगायला लागले. तो ऐकायचा आणि ऐकता ऐकता त्याची बोटं माझ्या मनगटात रुतायची.

गेल्या वर्षी माझ्या पणतवाचं अंतर्गळाचं ऑपरेशन नंदुरबारला झालं. मी हट्टानं गेले होते. नर्स आली, तिच्या हातात एक कागद, त्यावर गोल गोल चेहरे काढलेले, पहिला हसरा, शेवटचा रडका. तिनं त्या चार वर्षांच्या पोराला विचारलं, सांग, तुझं दुखणं यातलं कोणतं? त्यानं रडक्याच्या अलीकडच्यावर बोट ठेवलं. तिनं कपाळाला आठी न घालता ते लिहून घेतलं आणि औषध पाजलं. अर्ध्या तासानं पुन्हा येऊन विचारलं. मी उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. घरच्यांना वाटलं, म्हातारीला दवाखान्याचा वास सहन होत नाही.

आमच्या खोलीत दुसऱ्या खाटेवर मोलगीच्याही पलीकडच्या डोंगरातली एक बाई होती, ठुमली नावाची. तिच्या तीन वर्षांच्या पोरीचा चुलीत पडून हात भाजला होता आणि बोटं एकमेकांना चिकटून जखडली होती, ती डॉक्टरांनी कापून सुटी केली होती. ठुमली खाटेवर पोरीला एक क्षण निजवायची नाही. सतत मांडीवर, छातीशी. पोर दिवसभर भोकाड पसरायची आणि ठुमली तिला गप्प बस म्हणून कधी म्हणायची नाही. आबा वैतागायचे. बाई भांडखोरही होती, तंबाखू खायची, आमचं मीठ विचारल्याशिवाय घ्यायची. तिची बोली मला निम्मी कळायची, पण बाजारहाटामुळे तिला आमची अहिराणी मोडकीतोडकी येत होती. मी एक गोष्ट पाहिली. पट्टी बदलायची वेळ व्हायच्या आधी ती लोट्यात कोमट पाणी घेऊन पोरीच्या हातावरच्या पट्टीवर थेंब थेंब सोडत बसायची. चिकटलेली पट्टी हळूहळू सुटायची. कंपाउंडर यायचा तेव्हा पट्टी नुसती उचलली की निघायची आणि पोर रडायची ती सवयीनं. कंपाउंडर तिला शिव्या घालायचा. पाण्यानं जखम चिघळते असं त्याला शिकवलेलं होतं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायची.

भिकनची पट्टी कोरडीच निघायची. रक्त आणि लघवीनं वाळून ती मांसाला धरून बसलेली असायची. कंपाउंडर एका झटक्यात ओढायचा. हळू ओढलं तर जास्त दुखतं, असं तो म्हणायचा आणि त्यात त्याची काही दुष्टाई नव्हती. गुडघे सोडून पाय फाकवून कोणीतरी धरावे लागत. पहिल्या दिवशी आबा पुढे झाले, जखम पाहिली आणि भिंतीला टेकून खाली बसले. सात एकर एकट्यानं नांगरणारा माणूस, पण रक्त बघता येत नव्हतं. त्या दिवसापासून पट्टीच्या वेळी ते चिंचेखाली जाऊन बसायचे आणि पाय मी धरायचे. मी कंपाउंडरला एकदा धीर करून विचारलं की आधी पाणी लावू का. तो म्हणाला, "तू डॉक्टर का?" मी पुन्हा विचारलं नाही. ठुमली समोरच बसून पाणी सोडत होती आणि मी पुन्हा विचारलं नाही.

सहाव्या दिवशी भिकननं पाय आवळून धरले. काही केल्या सोडेना. कंपाउंडरनं ओढले तेव्हा तो असा उसळला की जखमेतून ताजं रक्त आलं. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे बघ मुली, अशा झटापटीनं टाके उसवतील. तुझं ऐकतो ना तो? त्याला सांग की आज फक्त बघणार आहेत. पाय सैल सोडले की आम्ही चटकन आटपतो." त्यांचा आवाज मायाळू होता. एवढ्या मोठ्या माणसानं मला काम सोपवलं याचा मला, खोटं कशाला सांगू, थोडा अभिमान वाटला.

मी त्याच्या उशाशी बसले. तो घामानं निथळत होता.

"आज ओढस का तो?" त्यानं विचारलं.

"नही रे. नुसतं देखस. हात लावत नही."

"शप्पथ ले."

"तुन्ही शप्पथ."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग आपले आपणच गुडघे सैल केले. पाच वर्षांचा पोर, थोड्या वेळापूर्वी ज्याचे पाय कंपाउंडरला ओढूनही सुटले नव्हते, त्यानं माझ्या शब्दावर पाय उघडले आणि तिकडे मान वळवून भिंतीवरची पाल बघायला लागला. कंपाउंडरनं पट्टी ओढली.

तो ओरडला नाही. त्याचं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. सगळं आटपून, गुडघे पुन्हा बांधून ते लोक गेल्यावर त्यानं मान माझ्याकडे वळवली. "तू खोटं बोलनी," असं म्हणाला. त्यात राग नव्हता. घरात कोणी पाहुणा आला तर तो पळत येऊन सांगायचा ना, अमुक आला, तसं त्यानं मला सांगितलं. मी म्हटलं, पुन्हा नाही बोलणार. त्यानं ऐकलं की नाही, ठाऊक नाही.

त्या दिवसापासून भिकन रडायचा थांबला.

दवाखान्यात सगळ्यांना केवढा आनंद झाला! पट्टीच्या वेळी तो आपणहून पाय सोडायचा आणि पालीकडे बघत राहायचा. कंपाउंडर त्याला शहाणा म्हणाला. डॉक्टर आबांना म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं? विसरला." कोणी विचारलं दुखतं का, तर तो म्हणायचा, "दुखत नही." पाणी प्यायला सांगितलं की प्यायचा. आबांनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, "आते रडत नही. बरा व्हयना मन्हा पोऱ्या." गावाकडे जाणाऱ्या एकाजवळ त्यांनी मायला निरोपही धाडला. आणि मी? मला झोप लागायला लागली. सहा दिवस ज्या आवाजानं माझं काळीज कुरतडलं होतं तो बंद झाला होता आणि मी तो का बंद झाला याच्या वाटेला गेले नाही. घोंगडीची एक कड त्यानं चावून चावून दोऱ्यादोऱ्यांची केलेली मला दिसत होती. पायाची बोटं आत वळलेली दिसत होती. दिसूनही मी घोंगडीची ती कड आत दुमडून ठेवायचे.

ठुमली मात्र एक दिवस आमच्या खाटेपाशी आली. पोर कडेवर, तोंडात तंबाखू. तिनं भिकनच्या ओटीपोटावर हात ठेवला आणि जरासा दाबला. "दुखत नही," तो विचारायच्या आधीच म्हणाला. तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं. बोटं अशी वळली होती की तळव्याला सुरकुत्या पडल्या होत्या. ती मला म्हणाली, "याले बरं नही. मन्ही पोर रडस. हाऊ रडत नही." मी ते आबांना सांगितलं. आबा म्हणाले, तिला काय कळतं, तिची पोर बघा कशी किंचाळते. दुसऱ्या दिवशी ठुमली पोरीला पाठीशी बांधून निघून गेली. डॉक्टर ओरडले की हात वाया जाईल, अजून आठ दिवस थांब. ती थांबली नाही. तिच्या पोरीचं पुढे काय झालं, ती बोटं सुटी राहिली की पुन्हा जखडली, मला कधीच कळलं नाही. पुढे मोलगीचा बाजार करून आलेल्या प्रत्येकाला मी काही वर्षं विचारत असे, पण ठुमली नावाच्या बाया तिकडे कितीतरी.

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. वरून जखम मिटत आली होती. लघवी वाटेनं व्हायला लागली होती. अंग थोडं कोमट होतं, पण दुपारचं ऊन होतं आणि सगळ्यांचीच अंगं कोमट होती. त्यांनी पोटाला हात लावून विचारलं, "दुखतं का बाळ?"

"नाही," भिकन त्यांच्याच भाषेत म्हणाला. दवाखान्यात तेवढं तो शिकला होता.

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. बोटं वळलेली मी पाहिली. मी बोलले असते तर डॉक्टर पुन्हा दाबून पाहतील, पुन्हा पट्टी, पुन्हा कदाचित टेबल. आणि हे मी भिकनसाठी गप्प बसले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. मला घरी जायचं होतं. मला मायचं तोंड बघायचं होतं, नवी बहीण बघायची होती. डॉक्टरांनी आबांच्या पाठीवर थाप मारली आणि आम्ही निघालो.

घरी सण झाला. मोठमायनं खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, हातावर फिरवून फिरवून पसरलेल्या, घडी केली तरी ताटाबाहेर येणाऱ्या. उडदाची दाळ, भरीत, सगळं. गल्लीतल्या बाया येऊन भिकनच्या गालावरून बोटं मोडून गेल्या. तो भिंतीला टेकून बसला होता आणि प्रत्येकीला सांगत होता, दुखत नही. पोळीचे दोन घास खाऊन त्यानं ताट सरकवलं. मायनं बाळाला बाजूला निजवून त्याला मांडीवर घ्यायला हात पुढे केले तर तो आक्रसला. एवढासाच, पण मायला कळलं. "आक्का, काय करं वं तुम्हीन याले?" तिनं मला विचारलं. ती मला आयुष्यात एकदाच आक्का म्हणाली ती तेव्हा, त्याच्या तोंडचं नाव घेऊन. मी म्हटलं, काही नाही, औषध केलं.

तिसऱ्या दिवशी त्याला थंडी वाजून आली. चार गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते, मग अंग तव्यासारखं तापलं. पोट टणक झालं, वाजवलं तर वाजेल असं. मायनं सुईणीला बोलावलं, तिनं एरंडाची पानं शेकून ठेवली. आबा गाडी जुंपायला गेले. मायला अजून उंबरा ओलांडायचा नव्हता. तिनं तो ओलांडला, अंगणापर्यंत आली, पण मोठमायनं तिला दंडाला धरून थांबवलं. मी गाडीत भिकनचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

नदीवर पोहोचलो तेव्हा नाव पलीकडच्या तीराला होती. आबा वाळूत उतरून दोन्ही हात तोंडाशी धरून हाका मारत होते. नावाडी तिकडे माणसं भरत होता. ऊन डोक्यावर आलेलं, वाळू चकाकत होती, बैलांच्या गळ्यातल्या घागऱ्या तेवढ्या वाजत होत्या. भिकनचे डोळे उघडे होते. नाकाचं टोक पांढरं पडलं होतं. त्याचा श्वास वरच्या वर चालला होता, जसं काही खाली पोटापर्यंत जायला त्याला भीती वाटत होती. मी वाकून त्याच्या कानाशी गेले.

"भिकन, कोठे दुखस? माले सांग. आक्काले सांग."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. त्याला सांगायचं होतं. त्याच्या ओठांवर ते आलेलं मी पाहिलं. मग त्यानं मान हलवली.

"नही. तू सांगी देशी."

एवढं बोलून त्यानं तोंड गाडीच्या फळीकडे फिरवलं. नाव निम्म्या पात्रात आली असेल तेव्हा माझ्या मांडीवरचं त्याचं डोकं जड झालं. मी आबांना हाक मारली नाही. ते अजून नावाड्याला लवकर ये, लवकर ये म्हणत होते आणि त्यांच्या आवाजात अजून आशा होती. ती मला मोडवेना. नाव वाळूला लागली, आबा धावत आले, त्याला उचलायला वाकले, तेव्हा त्यांना कळलं.

खोटी शपथ घेतली की ज्याची घेतली तो मरतो, असं आम्हा मुलांत पक्कं मानलेलं होतं. मी भिकनची घेतली होती. हे मी कोणाला सांगितलं नाही. पुढे मोठी झाल्यावर, चार पुस्तकं वाचल्यावर मला कळलं की आत पू धरला होता, तो पोटात पसरला, त्या काळी त्यावर औषधच नव्हतं. डॉक्टरांनाही बहुधा काही करता आलं नसतं. हे सगळं मला समजतं. समजून फरक पडलेला नाही. वाचला नसताच, असं धरलं तरी ते शेवटचे नऊ दिवस तो एकटा होता, खोलीत मी असून, आणि ते कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

त्या दुपारी आम्ही परत आलो. गल्लीच्या तोंडाशीच बायांनी आकांत मांडला. माय खोलीत होती. ती रडत नव्हती. बाळाला दूर सारून तिनं मला समोर बसवलं, माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "शेवट काय बोलना वं तो?"

मी तिच्याकडे पाहिलं. दुधानं तिची चोळी भिजली होती.

"तुन्हं नाव लिधं," मी म्हटलं. "माय, माय करे तो."

तेव्हा तिला रडू फुटलं. मोठमाय म्हणाली, बरं झालं, मोकळी झाली.

त्यानंतर माय पुष्कळ जगली. माझं लग्न झालं, मला मुलं झाली, मी माहेरी गेले की कधी भांडी घासताना, कधी मिरच्यांची देठं खुडताना ती मध्येच थांबायची आणि तोच प्रश्न विचारायची. अखेरच्या दुखण्यात तिला माणसं ओळखू येईनाशी झाली होती, मलाही ती कोण म्हणून विचारायची, पण भिकनचं नाव राहिलं होतं. "मन्हं नाव लिधं ना वं त्यानी?"

"हा, माय," मी म्हणायचे.

ती डोळे मिटून घ्यायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायची, आणि मी पुन्हा हो म्हणायचे.